प्रतिमेमागचे कष्ट : देल्फिन सेरिगची कारकीर्द

'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश सिने-नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी मागवते. 'बायसिकल थीव्ह्ज', 'सिटिझन केन' आणि 'व्हर्टिगो' हे तीनच चित्रपट सत्तर वर्षांत या यादीच्या शिखरावर पोचले होते. २०२२ मध्ये तिथे एका स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट पहिल्यांदाच आला : बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानचा १९७५ सालचा 'जान दिल्मान, २३ के द्यू कोमेर्स, १०८० ब्रुसेल्स'. शीर्षक म्हणजे चक्क एका घराचा पत्ता. चित्रपटाची लांबी २०१ मिनिटे, आणि त्यातली बहुतेक मिनिटे एक विधवा बाई घरकाम करताना दिसते. ती बटाटे सोलते, खिमा मळते, भांडी घासते, खोलीतून बाहेर पडताना आठवणीने दिवा बंद करते. ही बाई साकारणारी फ्रेंच अभिनेत्री देल्फिन सेरिग त्याआधी चौदा वर्षे वेगळ्याच रूपात जगाला माहीत झाली होती. एका राजवाड्याच्या लांबच लांब दालनांतून, उंची पोशाखात, स्वप्नातल्यासारखी चालणारी अनामिका हे ते रूप. राजवाड्यापासून स्वयंपाकघरापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हा या लेखाचा विषय आहे.

सेरिगचे चरित्र सहसा दोन भागांत सांगितले जाते. पहिल्या भागात साठच्या दशकातली गूढ, देखणी, कलात्मक सिनेमाची लाडकी नायिका असते, तर दुसऱ्यात सत्तरच्या दशकात स्त्री-चळवळीत उतरलेली, हातात व्हिडिओ कॅमेरा घेतलेली कार्यकर्ती. जणू एका बाईने अर्ध्या वाटेवर आयुष्य बदलले आणि चळवळीच्या पायी अभिनयाची कारकीर्द पणाला लावली. ही मांडणी सोयीची आहे, पण ती चुकीची आहे असे मला वाटते. सेरिगच्या भूमिका आणि तिचे व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले, की दोन्हींत एकच प्रश्न सापडतो. पडद्यावरची 'स्त्री' घडवते कोण, आणि ती घडवण्यासाठी लागलेले कष्ट कुणाच्या नजरेला पडत नाहीत? अभिनेत्री म्हणून हा प्रश्न तिने शरीराने आणि आवाजाने विचारला, आणि पुढे तोच कॅमेऱ्याने विचारला.

सेरिगचा जन्म १० एप्रिल १९३२ चा, बैरुतमधला. वडील आंरी सेरिग हे पुरातत्त्वज्ञ होते. फ्रेंच अमलाखालच्या सीरिया आणि लेबनॉनमधल्या पुरातन वास्तूंची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आई एर्मिन द सोस्युर नौकानयनात रमणारी आणि रूसोचा अभ्यास करणारी विदुषी. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्युर याच घराण्यातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वडिलांच्या कामामुळे कुटुंब काही वर्षे न्यूयॉर्कला होते, त्यामुळे इंग्रजी तिला मातृभाषेइतकीच सहज झाली. फ्रान्समध्ये रंगभूमीवर उमेदवारी केल्यावर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा न्यूयॉर्कला गेली आणि 'अॅक्टर्स स्टुडिओ'त ली स्ट्रासबर्गच्या पद्धतीने अभिनय शिकली. तिथल्याच वास्तव्यात रॉबर्ट फ्रँक आणि आल्फ्रेड लेस्ली यांच्या 'पुल माय डेझी' या लघुपटात तिने भूमिका केली. 'अॅक्टर्स स्टुडिओ'चे शिक्षण तिच्याबाबतीत फार महत्त्वाचे ठरते. पात्राच्या प्रत्येक कृतीमागे कारण असले पाहिजे आणि नटाला ते माहीत असले पाहिजे, हा त्या पद्धतीचा गाभा. फ्रान्समध्ये पुढे तिला मिळालेल्या भूमिका मात्र नेमक्या कारण न सांगणाऱ्या होत्या. कारणे शोधायला शिकलेली नटी आणि कारणे लपवणाऱ्या भूमिका यांच्यातला हा ताण तिच्या साऱ्या कामात जाणवत राहतो.

आलँ रेनेचा 'गेल्या वर्षी मारिएनबादमध्ये' १९६१ साली आला आणि व्हेनिसच्या महोत्सवात 'सुवर्णसिंह' जिंकून गेला. पटकथा कादंबरीकार आलँ रॉब-ग्रिये याची. एका आलिशान हॉटेलात एक पुरुष एका स्त्रीला पुन्हा पुन्हा सांगतो, की गेल्या वर्षी आपण भेटलो होतो, तू माझ्याबरोबर यायचे वचन दिले होतेस. तिला ते आठवत नाही, किंवा आठवायचे नसते. तिला नाव नाही, पटकथेत ती नुसते एक अक्षर आहे. तिचा भूतकाळसुद्धा तो पुरुष सांगेल तसा. चित्रीकरण म्युनिकच्या आसपासच्या राजवाड्यांत झाले आणि तिचे पोशाख कोको शानेलचे होते. या साऱ्यात नटी म्हणजे एक सुंदर पुतळा, असे म्हणणे सोपे आहे. पण चित्रपट नीट पाहिला तर कळते, की तो पुतळाही कुणीतरी घडवलेला आहे. मान किती अंशात वळावी, हात खांद्यापाशी कुठे थांबावा, एकच वाक्य दुसऱ्यांदा म्हणताना त्यातला नकार किती क्षीण व्हावा, हे सारे मोजून केलेले आहे. तिच्या आवाजाची तुलना लोक चेलो या वाद्याशी करत. त्या आवाजातली किंचित थरथर आणि शब्द लांबवण्याची लकब हीसुद्धा कमावलेली होती. या भूमिकेने सेरिग जगप्रसिद्ध झाली, पण या प्रसिद्धीतच एक अन्याय होता. प्रेक्षकांना तिचे गूढ दिसले, त्यामागची मेहनत दिसली नाही.

त्या प्रतिमेवर ती आयुष्यभर जगू शकली असती. दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, रेनेच्याच 'म्युरिएल'मध्ये ती दिसली, आणि ओळखू येईना. बुलोन या बंदराच्या गावात राहत्या घरातच जुने फर्निचर विकणारी, कॅसिनोत पैसे घालवणारी, जुन्या प्रियकराला पत्र लिहून बोलावून घेणारी आणि तो आल्यावर गोंधळून जाणारी एलेन ही विधवा. सेरिग तेव्हा एकतीस वर्षांची होती, पात्र तिच्याहून बरेच थोरले. तिने केसांत पांढरेपणा आणला, चालीत घाई आणली, वाक्ये अर्ध्यावर सोडली. अल्जीरियातल्या युद्धाहून परतलेल्या सावत्र मुलाच्या मनातले भीषण ओझे आणि या बाईची रोजची धांदल एकाच घरात नांदताना दिसतात. या भूमिकेसाठी तिला व्हेनिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा 'व्होल्पी चषक' मिळाला. 'मारिएनबाद'मधली स्त्री कुणाच्या तरी आठवणीतली होती, तर एलेनच्या आठवणी तिच्या स्वतःच्या आहेत, आणि त्या तिला नीट पेलत नाहीत. त्रुफोच्या 'चोरलेली चुंबने' (१९६८) मध्ये तर हाच मुद्दा कथेत उघडपणे येतो. बुटांच्या दुकानदाराची बायको फाबिएन ताबार हिच्या प्रेमात पडलेला तरुण अंत्वान तिला जवळजवळ अप्सरा मानतो. ती एके सकाळी त्याच्या खोलीवर येऊन शांतपणे त्याला समजावते, की मी कसला दैवी आभास नाही, हाडामांसाची बाई आहे. दृश्य हलकेफुलके आहे आणि संवाद दिग्दर्शकाचे आहेत. पण ते बोलणारी व्यक्ती 'मारिएनबाद'ची नायिका आहे, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, म्हणूनच त्यांना एवढे वजन येते.

पुढच्या काळात बुन्युएलच्या 'भद्रलोकांचे मोहक वागणे' (१९७२) मधली जेवणाची वाट पाहणारी श्रीमंत बाई, जाक देमीच्या 'गाढवाचे कातडे' (१९७०) मधली खट्याळ परी, हॅरी क्युमेलच्या भयपटातली रक्तपिपासू सरदारीण अशा भूमिका तिने केल्या. तिन्हींत आदर्श, नटव्या, 'शोभिवंत' स्त्रीचे रूप ती इतके पूर्णपणे उभे करते, की त्याचे बेगडीपण आपोआप दिसू लागते. टीकेचे साधन म्हणून अतिशयोक्ती वापरायची ही जुनी युक्ती. प्रत्यक्ष जगण्यात मात्र तिने आडपडदा ठेवला नाही. एप्रिल १९७१ मध्ये 'नुव्हेल ऑब्झर्व्हातर' साप्ताहिकाने ३४३ स्त्रियांचे निवेदन छापले. मसुदा सिमोन द बोव्हारचा. 'मी गर्भपात केला आहे' असे जाहीरपणे सांगून कायदा बदलण्याची मागणी त्यात होती. तेव्हाच्या फ्रान्समध्ये गर्भपात हा गुन्हा होता, म्हणजे सही करणे हा कबुलीजबाब ठरत होता. सह्या करणाऱ्यांत सेरिग होती. पुढच्या वर्षी बोबिन्यी इथे गर्भपाताचा गाजलेला खटला चालला, तेव्हा वकील जिझेल हालिमींच्या बाजूने साक्ष द्यायलाही ती उभी राहिली. आपल्याकडे शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींनंतर वैद्यकीय गर्भपाताचा कायदा याच १९७१ साली संसदेत मंजूर झाला. फ्रान्सला तो टप्पा गाठायला जानेवारी १९७५ उजाडले. 'पुढारलेल्या' देशातल्या बायकांना इतकी साधी गोष्ट मिळवायला नावलौकिक पणाला लावावा लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच सुमारास हातात धरून वापरता येईल असा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला होता. फ्रान्समध्ये तो अगदी सुरुवातीला घेणाऱ्यांत कारोल रुसोपुलोस होती, आणि ती इतर स्त्रियांना तो चालवायला शिकवत असे. सेरिग आणि तिची मैत्रीण योआना वीडर या शिकवणीला आल्या, आणि त्यातून स्त्रियांचा एक छोटा गट तयार झाला. त्यांनी फ्रेंचमधल्या 'न जुमानणारी' आणि 'कलावंताची प्रेरणा' या दोन शब्दांचा सांधा जुळवून स्वतःसाठी एक नाव घडवले. प्रेरणा म्हणून मिरवली गेलेली बाई आता जुमानणार नाही, असा त्याचा रोख. फिल्मसाठी स्टुडिओ, प्रयोगशाळा, निर्माता आणि पैसा लागे, पण व्हिडिओला फक्त टेप आणि दोन माणसे पुरत. दिग्दर्शक बोलावेल तेव्हाच जिला काम मिळते, त्या नटीच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचे साधन आले, हे या तंत्राचे खरे महत्त्व. १९७६ सालच्या एका टेपमध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग मधेमधे थांबवून या स्त्रियांनी त्यावर हाताने लिहिलेले फलक आणि शेरे जोडले. स्त्रियांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या राज्यमंत्री फ्रान्स्वाज जिरू पुरुष पाहुण्यांच्या शेरेबाजीला हसत दाद देत होत्या, आणि ते हसणे किती महाग पडते हे फलकांनी दाखवून दिले. दुसऱ्या एका टेपमध्ये सेरिग स्त्रीवादी लेखिका व्हॅलरी सोलानासचा जहाल जाहीरनामा वाचून सांगते, रुसोपुलोस तो टंकलेखन यंत्रावर उतरवते, आणि मधल्या टीव्हीवर जगातल्या युद्धांच्या बातम्या चालू असतात. ज्या आवाजाला लोक वाद्य म्हणत, तो इथे मजकूर लिहवून घेत असतो.

या कामातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे १९७५-७६ मध्ये चित्रित केलेला आणि १९८१ मध्ये प्रदर्शित झालेला 'सुंदर दिस आणि गप्प बस' हा माहितीपट. सेरिगने फ्रान्स आणि अमेरिकेतल्या वीसहून अधिक अभिनेत्रींना कॅमेऱ्यासमोर बसवले. प्रश्न साधे होते : तू पुरुष असतीस तर नट झाली असतीस का? दुसऱ्या स्त्रीशी जिव्हाळ्याचे नाते असलेली भूमिका तुला कधी मिळाली का? चेहऱ्यावर थेट कॅमेरा, पार्श्वसंगीत नाही, सजावट नाही. जेन फोंडा सांगते, की कारकिर्दीच्या आरंभी स्टुडिओतल्या रंगभूषाकारांच्या हाताखालून उठल्यावर आरशातला चेहरा तिला स्वतःचा वाटला नाही, आणि गाल खोल दिसावेत म्हणून जबड्याची ठेवणच बदलून घेण्याचा सल्ला तिला मिळाला. मारिया श्नायडर पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेल्या भूमिकांबद्दल बोलते. माइडी नॉर्मन ही कृष्णवर्णीय अभिनेत्रीही इथे आहे, जिच्या वाट्याला हॉलिवूडने मुख्यतः मोलकरणी दिल्या. एकेक साक्ष ऐकताना ती त्या त्या नटीची खासगी तक्रार वाटते. सलग ऐकल्यावर लक्षात येते, की वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या स्टुडिओंत साचा एकच आहे. बाईचा चेहरा हा धंद्याचा कच्चा माल मानला गेला आणि तो घडवताना होणाऱ्या वेदनेची कुठे नोंद झाली नाही. ती नोंद सेरिगने केली.

आता १९७५ हे वर्ष पाहू. त्या वर्षीच्या कान महोत्सवात सेरिगचे तीन चित्रपट होते आणि तिन्ही स्त्रियांनी दिग्दर्शित केलेले : लिलियान द कर्मादेकचा 'आलोईझ', मार्गरित द्युरासचा 'इंडिया साँग' आणि आकेरमानचा 'जान दिल्मान'. आकेरमान तेव्हा अवघी चोवीस वर्षांची होती. 'जान दिल्मान'मध्ये तीन दिवस आहेत. पहिल्या दिवशी सारे घड्याळाच्या काट्यावर चालते. मुलगा शाळेत, बाजारहाट, स्वयंपाक, आणि दुपारी एक गिऱ्हाईक, कारण घर चालवायला ही बाई शरीरविक्रय करते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि तिथून घडी विस्कटू लागते. तिसऱ्या दिवशी कात्रीने एक खून होतो. कॅमेरा समोर, एका उंचीवर, न हलता. अशा चित्रपटात अभिनय कुठे असतो? बटाटे सोलताना एका क्षणी सुरी थांबते, त्या थांबण्यात असतो. सेरिगच्या जागी अनोळखी चेहरा असता, तर आपण म्हणालो असतो, बाई घरकाम करते आहे, त्यात काय पाहायचे? शानेलच्या पोशाखातली ती स्त्री ओट्याशी उभी राहिली, तेव्हा कुठे घरकाम डोळ्यांत भरले. स्वतःची जुनी प्रतिमाच तिने या भूमिकेत भांडवल म्हणून गुंतवली. चित्रीकरणाच्या वेळी नट सामी फ्रे याने व्हिडिओवर टिपलेल्या तालमी आज उपलब्ध आहेत. सेरिग तिथे केस विंचरण्यासारख्या बारीक कृतीवरूनही आकेरमानला खोदून विचारते : ही बाई या वेळी कसला विचार करते आहे, अशीच का बसते? आकेरमानला मुख्यतः गती आणि कालावधी हवा आहे, सेरिगला कारण. दोघींच्या या झटापटीतून पडद्यावरची जान उभी राहिली.

'इंडिया साँग' मात्र माझ्या मांडणीपुढे दोन अडचणी उभ्या करतो. पहिली अशी, की इथे सेरिग पुन्हा जुन्याच साच्यात दिसते. फ्रेंच राजदूताची पत्नी, लाल पोशाख, मंद नाच, पुरुषांचा घोळका, आणि सारे संवाद पडद्याबाहेरून ऐकू येणारे. स्वतःच्या प्रतिमेविरुद्ध लढणारी नटी त्याच वर्षी त्याच प्रतिमेत परत का गेली? मला वाटते, द्युरासने आवाज आणि शरीर एकमेकांपासून वेगळे काढले, आणि त्यामुळे ती प्रतिमा किती पोकळ आहे हे उघडे पडले. ओठ मिटलेले आणि आवाज दुसरीकडे, अशी स्त्री पाहताना मोहापेक्षा दुरावाच अधिक जाणवतो. दुसरी अडचण भारतीय प्रेक्षकाची आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. चित्रपट १९३७ च्या कलकत्त्यात घडतो, पण चित्रीकरण फ्रान्समधल्या एका ओसाड हवेलीत झाले. कलकत्ता दिसतच नाही. उपासमार आणि कुष्ठरोग यांचे उल्लेख येतात ते युरोपियनांच्या उदासीची पार्श्वभूमी म्हणून, आणि वेड्या भिकारणीची हाक येते तीही लाओसहून भटकत आलेल्या बाईची. बंद खोलीत राहून बाहेरच्या दुःखाकडे न पाहणारी वसाहतवादी वस्ती द्युरासला दाखवायची होती, हे मान्य केले तरी भारतीय माणूस त्या खोलीबाहेरच राहिला, हेही मान्य करावे लागते. सेरिगच्या अभिनयाचे श्रेय देताना ही मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आणखी तीन आक्षेप उरतात. पहिला वर्गाचा : सुशिक्षित, सधन घरातून आलेल्या बाईला बंड परवडते, एरवीच्या बायकांना ते कुठून परवडणार? हे खरे आहे. पण तिने तो फायदा कुठे वापरला ते पाहावे. ३४३ जणींमधल्या नामवंत स्त्रियांना पोलीस हात लावणार नाहीत, हा अंदाज बांधूनच त्या पुढे झाल्या आणि त्यांच्या आडोशाने नाव नसलेल्या स्त्रियांचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला. दुसरा आक्षेप दिग्दर्शकवादी समीक्षेचा : चित्रपट रेनेचा, आकेरमानचा, द्युरासचा आहे, नटी हे त्यांच्या हातातले साधन. पण एकमेकांशी मुळीच न जुळणाऱ्या अर्धा डझन दिग्दर्शकांच्या कामांतून एकच प्रश्न वाहत असेल, तर त्या सर्वांत सामाईक असलेल्या माणसाकडे पाहायला नको का? सामी फ्रेच्या तालमीही साधनाच्या नाहीत, सहकर्त्रीच्या आहेत. तिसरा आक्षेप असा, की चळवळीने तिची कारकीर्द संपवली. मोठ्या व्यावसायिक भूमिका पुढे घटल्या हे खरे. पण चाळिशी ओलांडलेल्या किती नट्यांना त्या काळी मोठ्या भूमिका मिळत होत्या? तिच्याच माहितीपटातल्या अभिनेत्री याचा पाढा वाचतात. काम थांबले नव्हते. जर्मन दिग्दर्शिका उल्रिके ऑटिंगरच्या तीन चित्रपटांत आणि आकेरमानच्या 'गोल्डन एटीज'मध्ये तिने कामे केली. त्यांचे प्रेक्षक कमी होते, इतकेच.

१९८२ मध्ये रुसोपुलोस आणि वीडर यांच्याबरोबर तिने पॅरिसला 'सिमोन द बोव्हार दृक्श्राव्य केंद्र' सुरू केले. स्त्रियांनी आणि स्त्रियांविषयी बनवलेल्या ध्वनिचित्रफिती जमवणे, जपणे आणि नव्या फिती तयार करणे हे त्याचे काम. १५ ऑक्टोबर १९९० रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पॅरिसमध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले. केंद्र पुढे काही वर्षे बंद पडले आणि २००४ मध्ये पुन्हा उघडले. त्या जपलेल्या टेप्स होत्या, म्हणूनच आज हे काम पुन्हा पाहता येते आणि तिच्या भूमिकांचा अर्थ त्यांच्या शेजारी ठेवून लावता येतो. एखाद्या नटीने आपले चित्रपट मागे ठेवणे नेहमीचेच आहे. सेरिगने त्यांच्यासोबत ते वाचण्याची किल्लीही ठेवली. 'जान दिल्मान' पाहताना बटाटे सोलण्याचे दृश्य लांबत जाते आणि आपल्याला पहिल्यांदा कंटाळा येतो. तो कंटाळा ओळखीचा आहे. घरातल्या बाईचे काम रोज समोर असूनही त्याकडे न बघण्याची सवय आपल्याला असते, तिथलाच तो. दृश्य तोडले जात नाही, सेरिग सोलत राहते, आणि हळूहळू नजर तिच्या हातांवर स्थिरावते. राजवाड्यातल्या त्या स्त्रीकडे पाहतानाही हेच हात पाहायला हवे होते, हे तेव्हा लक्षात येते.